कुस्करलेला आणि भाजलेला : मुंबईच्या उपनगरी घरांतील बटाट्याचा इतिहास

मराठी जेवणाच्या पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर आणि भरीत वाढतात. उजव्या बाजूला भाज्या आणि आमटी. पानाच्या दोन्ही बाजूंना जागा मिळवणाऱ्या मोजक्या जिनसांत बटाटा येतो. फोडी करून परतला की तो उजवीकडची भाजी होतो, उकडून कुस्करला आणि दह्यात कालवला की डावीकडचे भरीत होतो. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ह्या भागांत, बटाट्याच्या ह्या तोंडीलावण्यांना आणखी बरेच फाटे फुटले आहेत. मराठी भरीत, ईस्ट इंडियन चॉप, उत्तर भारतीय चोखा, सिंधी टुक, गुजराती मडक्यातला बटाटा आणि ओव्हनमधला बेक हे सगळे एकाच स्टेशनच्या परिसरातल्या घरांत शिजत आले आहेत.

ह्या पदार्थांचे ढोबळ दोन गट पडतात. एक उकडून कुस्करलेल्या बटाट्याचा, दुसरा कोरड्या उष्णतेत भाजलेल्या बटाट्याचा. पहिला गट घरात लवकर रुळला, कारण त्याला लागणारे पातेले, पाणी आणि चूल प्रत्येक घरात होते. दुसरा गट बराच काळ घराबाहेर राहिला, कारण पदार्थाला चहूबाजूंनी उष्णता देणारी बंद जागा उपनगरी स्वयंपाकघरात नव्हती. म्हणून ह्या तोंडीलावण्यांचा इतिहास पाहताना जळण, भांडी आणि शेजार ह्यांचा इतिहासही पाहावा लागतो.

नाव आणि आगमन

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. पेरू आणि बोलिव्हिया ह्यांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या परिसरात तो काही हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आला. भाजलेला बटाटा तिथे फार जुना आहे. शेतातली ढेकळे घुमटासारखी रचून आत जाळ करतात, ढेकळे लालबुंद तापली की बटाटे आत टाकतात आणि भट्टी त्यांच्यावरच ढासळवतात. ह्या पद्धतीला तिथे वातिया म्हणतात. उंच पठारावरच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवून, तुडवून आणि उन्हात वाळवून टिकवण्याची चुन्यो नावाची रीतही त्याच लोकांची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पॅनिश लोकांनी हे कंद युरोपात नेले.

मराठीतील नाव मात्र अँडीजमधले नाही. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत गेला आणि पुढे पोर्तुगीजांनी तोच आजच्या बटाट्याला लावला. मराठी, कोकणी आणि गुजराती ह्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भाषांनी पोर्तुगीज नाव घेतले. उत्तर भारताने संस्कृतातील 'आलु' हे कंदवाचक नाव नव्या कंदाला दिले. आज उपनगरी भाजीबाजारात एकाच टोपलीसमोर 'बटाटा' आणि 'आलू' हे दोन्ही शब्द ऐकू येतात.

हे पोर्तुगीज नाव उपनगरांच्या भूमीला परके नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही साष्टी बेटावरची गावे. वसई आणि साष्टीचा हा मुलूख १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि चिमाजी आप्पांच्या मोहिमेनंतर १७३९ मध्ये मराठ्यांकडे आला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांवर उभ्या राहिलेल्या चर्चचे अवशेष त्या काळाची साक्ष देतात. पाव, काजू, पपई, अननस हे शब्दही पोर्तुगीजांच्याच वाटेने आले. पोर्तुगीजांचा 'बटाटा' आधी रताळ्याचा होता, त्यामुळे प्रवाशांच्या जुन्या लिखाणात हा शब्द दिसला तरी तेथे आजचाच बटाटा अभिप्रेत असेल असे नाही. पश्चिम भारतात बटाट्याची मोठी लागवड ब्रिटिश अमलातली.

पुण्याच्या पठारावरून उपनगरात

मुंबईच्या दमट, उष्ण किनाऱ्यावर बटाटा चांगला पोसत नाही. कंद भरण्यासाठी त्याला थंड रात्री लागतात. त्यामुळे मुंबईचा बटाटा पहिल्यापासून घाटावरून किंवा त्याहून लांबून येत राहिला. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले गेले. तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीमळे फुलवले आणि त्यांत बटाटाही पिकवला. पुढे महाबळेश्वरचा बटाटा नावाजला गेला. पुणे जिल्ह्यातील खेड आणि जुन्नर हे तालुके एकोणिसाव्या शतकातच बटाट्यासाठी ओळखले जाऊ लागले. आजही आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे आणि बाजारात 'तळेगाव' हे बटाट्याच्या एका प्रकाराचे नाव म्हणून चालते.

रेल्वेने ही वाट सोपी केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्यानंतर बोरघाट ओलांडून पुण्याशी सलग लोहमार्ग जोडला गेला आणि घाटावरचा माल मुंबईत लवकर पोचू लागला. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, उभे राहिले. तोपर्यंत साष्टीतली गावे भातशेती, ताडमाड, मिठागरे आणि मासेमारीवर जगत होती. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार पुढे शंभर वर्षे दक्षिण मुंबईत राहिला आणि १९८० नंतर नवी मुंबईच्या कृषी उत्पन्न बाजार आवारात गेला. आज तेथे महाराष्ट्राच्या मालाबरोबर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरातचा बटाटा येतो आणि किरकोळ बाजारात 'आग्रा', 'इंदूर' ही गावांची नावे बटाट्याच्या जातीसारखी वापरली जातात.

बियाण्याचा इतिहासही स्वयंपाकाशी जोडलेला आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलली. सिमल्याजवळच्या कुफरीवरून तिच्या वाणांना 'कुफरी' हे आडनाव मिळाले. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी हे वाण १९६८ मध्ये आले. १९७२ मध्ये आलेल्या कुफरी लवकर ह्या वाणाच्या नावात थेट मराठी शब्द आहे. दख्खनच्या पठारावरील उबदार हवेत कमी दिवसांत पोसणारा म्हणून तो 'लवकर'.

भरीत : जुन्या साच्यात नवा कंद

बटाटा मराठी घरात आला तेव्हा त्याच्यासाठी नवे पदार्थ शोधावे लागले नाहीत. वांगे निखाऱ्यावर भाजून, सोलून, कुस्करून त्यात दही किंवा कांदा-मिरची घालण्याची रीत आधीच रुळलेली होती. तोच साचा बटाट्याला लागला. एक फरक मात्र पडला. वांग्याचे भरीत विस्तवातून येते, बटाट्याचे पाण्यातून. वांगे सच्छिद्र आणि पाणीदार असल्यामुळे चुलीच्या उघड्या जाळावर वीस मिनिटांत आतपर्यंत शिजते. बटाटा घट्ट असतो. उघड्या जाळावर त्याची साल करपते आणि गाभा कच्चा राहतो. म्हणून मराठी घराने बटाट्याचे भरीत उकडून केले.

घरगुती भरताची कृती साधी आहे. चार मध्यम बटाटे सालासकट उकडायचे, गरम असतानाच सोलून हाताने किंवा वाटीच्या बुडाने कुस्करायचे, थोडे निवू द्यायचे. मग वाटीभर फेटलेले दही, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर घालायची आणि तेलात मोहरी, हिंग, हिरव्या किंवा वाळक्या मिरचीची फोडणी वरून ओतायची. कांदा घालणे न घालणे घरागणिक बदलते. फोडी मोठ्या राहिल्या आणि दही सैल असले तर त्याच पदार्थाला कोशिंबीर म्हणतात, कुस्करून घट्ट कालवले तर भरीत.

ह्या कृतीतला प्रत्येक टप्पा सकारण आहे. बटाट्यात साधारण चार पंचमांश पाणी असते आणि उरलेल्या भागात बहुतांश पिष्ट. साल ठेवून उकडल्याने पिष्ट आणि क जीवनसत्त्व पाण्यात कमी निसटते. उकडताना साधारण साठ अंश सेल्सियसच्या पुढे पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात. बटाटा गरम असताना पेशी एकमेकींपासून सहज सुट्या होतात, म्हणून गरम असतानाच कुस्करला की भरीत मऊ पण मोकळे राहते. जोरात घोटला, पाट्यावर वाटला किंवा मिक्सरमध्ये फिरवला तर पेशी फुटतात, आतले पिष्ट बाहेर येते आणि खळीसारखा चिकट लगदा होतो. म्हणूनच जुन्या बायका बटाटा हाताने कुस्करायला सांगत. दही निवल्यावर घालायचे ते फाटू नये म्हणून.

हत्यारांतही हीच काळजी दिसते. अगदी गुळगुळीत सारण हवे असेल तर उकडलेला बटाटा पुरणयंत्रातून काढतात किंवा किसणीवर किसतात. दोन्हींत बटाटा रगडला न जाता छिद्रांतून सुटतो. पावभाजीचे प्रस्थ वाढल्यावर तव्यावर भाज्या दाबणारा दांड्याचा मॅशर घराघरांत आला आणि त्याने वाटीच्या बुडाची जागा घेतली.

उपवासाचा बटाटा

धार्मिक आहारात बटाट्याला मिळालेली जागा हा त्याच्या रुळण्याचा सर्वांत ठळक पुरावा आहे. उपवासाला धान्य चालत नाही, कंदमुळे चालतात. ह्या नियमाने रताळे, सुरण ह्यांच्या शेजारी बटाटा बसला. आजच्या उपवासाच्या ताटाकडे पाहिले तर बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली आहेत. सर्वांत जुने व्रत पाळणाऱ्या ताटात सर्वांत उशिरा आलेली पिके एकत्र आली.

एकादशीच्या भरतात मोहरी, हिंग, हळद नसते. तुपात जिरे आणि मिरचीची फोडणी, वर दाण्याचे कूट. उपवासाच्या पॅटिसात कुस्करलेल्या बटाट्याची पारी करून आत खोबरे, कोथिंबीर, मिरची, बेदाणे ह्यांचे सारण भरतात आणि पारी सुटू नये म्हणून वऱ्याचे किंवा साबुदाण्याचे पीठ मिसळतात. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत बटाट्याचा कीस, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या आणि पापड वाळत घातले जातात. उन्हाने टिकवलेला हा बटाटा आषाढापासूनच्या उपवासांना उपयोगी पडतो.

ह्याच उपनगरांत बटाटा वर्ज्य मानणारा समाजही मोठा आहे. जैन आचारात जमिनीखालची कंदमुळे निषिद्ध आहेत, कारण एका कंदात असंख्य जीवांचा वास मानला जातो आणि तो उपटताना त्यांची हिंसा होते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील जैन घरांत कुस्करलेल्या बटाट्याचे काम कच्चे केळे करते. उकडलेल्या कच्च्या केळ्यातही भरपूर पिष्ट असते, ते कुस्करता येते आणि पॅटिसाची पारी धरते. 'जैन पावभाजी' आणि 'जैन पॅटीस' हे शब्द म्हणूनच ह्या भागातल्या प्रत्येक खाऊगल्लीच्या पाटीवर सापडतात.

शेजाराची देणगी

साष्टीतील मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव दिले. मरोळ, आंबोली, गोराई, मनोरी येथील गावठाणांत ह्या समाजाची जुनी वस्ती आहे. मराठीच्या बोलीत बोलणाऱ्या ह्या घरांतला सणाचा बटाटा म्हणजे पोटॅटो चॉप. कुस्करलेल्या बटाट्याच्या पारीत मसालेदार खिमा भरायचा, चपटा गोळा अंड्यात आणि रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तव्यावर कमी तेलात तांबूस करायचा. खिम्यात घरचा बॉटल मसाला पडतो. उन्हाळ्यात कुटून बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरतात म्हणून त्याचे हे नाव. ह्या चॉपचा आकार आणि मराठी उपवासाच्या पॅटिसाचा आकार एकच आहे. एका घरात खिमा, दुसऱ्यात खोबरे.

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना मुलुंड कॉलनीत आसरा मिळाला. त्यांच्यातील सिंधी घरांनी आलू टुक आणला. बटाट्याचे जाड तुकडे एकदा मंद तळायचे, तळव्यांत किंवा वाटीने दाबून चपटे करायचे आणि कडक तेलात पुन्हा तळायचे, वर तिखट, धणेपूड आणि आमचूर. सिंधी कढी-भाताबरोबर तोंडी लावायला तो हवाच. येथे बटाटा अर्धाच कुस्करला जातो. दाबल्यावर कडा फाटतात आणि त्या फाटलेल्या कडाच दुसऱ्या तळणीत कुरकुरीत होतात.

उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या कामगारांनी चोखा आणला. ह्या एकाच पदार्थात भाजणे आणि कुस्करणे दोन्ही येते. लिट्टी भाजताना त्याच गोवऱ्यांच्या राखेत वांगी, टोमॅटो आणि बटाटे पुरून ठेवतात. भाजल्यावर सोलून कच्चे मोहरीचे तेल, लसूण, कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घालून कुस्करतात. खोलीत गॅस असेल तर बटाटा उकडून चोखा होतो, पण राखेच्या वासाची उणीव मोहरीच्या तेलालाच भरून काढावी लागते. तमिळ घरांतला पोडिमास ह्याच कुळातला. उकडलेला बटाटा भुगा होईल इतकाच मोडायचा आणि मोहरी, उडीद डाळ, कढीपत्त्याच्या फोडणीवर परतायचा.

कच्छी आणि गुजराती वस्तीने दाबेली दिली. कच्छमधील मांडवीत जन्मलेला हा पदार्थ म्हणजे गोडतिखट मसाल्यात कुस्करलेला बटाटा पावात दाबलेला. घाटकोपर-मुलुंडच्या घरांत दाबेलीचा मसाला डब्यात भरून ठेवलेला असतो आणि पाव नसला तर तोच बटाटा पोळीबरोबर भाजी म्हणून वाढला जातो.

चूल, स्टो, गॅस आणि कुकर

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत आणि १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर, मुलुंडपर्यंत वाढली. चर्चगेट ते बोरिवली विजेची गाडी १९२८ पासूनच धावत होती, त्यामुळे गिरगाव-दादरच्या चाळींतून निघालेली कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. त्यांच्याबरोबर कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोही गेला. प्रायमस स्टो १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये बनला होता आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या खोल्यांत तो घरोघर पोचला.

स्टोची ज्योत एकाच जागी आणि खालून लागते. पाणी उकळायला ती उत्तम, भाजायला अपुरी. शेगडीवर निखारे होते, पण कोळसा विकतचा असल्याने स्वयंपाक आटोपला की शेगडी विझवायची असे. रात्रभर धुमसणाऱ्या राखेत बटाटे पुरण्याची खेड्यातली चैन दीड खोलीच्या घरात परवडणारी नव्हती. अशा रीतीने जळणाने उकडण्याच्या बाजूने कौल दिला. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत बाटलीबंद गॅस विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत निळी ज्योत उपनगरांत पसरली.

कुस्करलेल्या बटाट्याच्या इतिहासातली मोठी उडी प्रेशर कुकरची. हॉकिन्स कंपनी १९५९ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुलुंडच्या शेजारी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होता. बंद कुकरमधला दाब वाढला की पाणी शंभर अंशांऐवजी साधारण एकशेवीस अंशांना उकळते. पातेल्यात अर्धा तास घेणारा बटाटा काही शिट्ट्यांत होतो. शिवाय डब्यांच्या कुकरमध्ये खाली वरण, मध्ये भात आणि वरच्या डब्यात पाणी न घालता बटाटे एकाच वेळी शिजतात. वाफेवर शिजलेला बटाटा पाण्यात भिजत नाही, म्हणून त्याचे भरीत आणि पॅटीस अधिक घट्ट होतात. आठ-बाराची लोकल पकडणाऱ्या नोकरदार बाईच्या हाती सकाळी उकडलेले बटाटे ठेवणारा कुकर ही मोठी सोय होती. सकाळी डब्यात सुकी भाजी, संध्याकाळी उरलेल्या बटाट्याचे भरीत.

भाजणे : मडके, बेकरी आणि ओव्हन

बंद जागेत चहूबाजूंनी भाजण्याची रीत किनारपट्टीला ठाऊक होती, पण ती मोकळ्या शेतातली. रायगड जिल्ह्यातली पोपटी हे तिचे मराठी रूप. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर ओवा आणि मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी रचतात. तोंड पाल्याने बंद करून मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा-लाकडांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब न घालता सगळे पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेत भाजून निघते. बटाटे मात्र लहान निवडावे लागतात, नाहीतर शेंगा होतात आणि ते कच्चे राहतात. अलिबाग-पनवेलकडची मुळे असलेली उपनगरी कुटुंबे आजही त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत गावी जातात.

ह्याच रीतीचे गुजराती रूप वलसाड भागातले उबाडियुं. त्यात पापडी, कंद, रताळी आणि मसाला भरलेले बटाटे कलारच्या पाल्यात मडक्यात भाजतात आणि थंडीत मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ते विकायला असते. मकरसंक्रांतीच्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या दुकानांत किलोवर मिळणाऱ्या उंधियुं ह्या शब्दाचा अर्थच 'उलटे' असा आहे. आता तो बहुधा कढईत शिजतो, पण नावाने पालथ्या मडक्याची आठवण जपली आहे.

शहरातील जुन्या घरांनी भाजण्याची एक तडजोड शोधली होती. पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांत भानोळे करताना पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत, म्हणजे वरून-खालून उष्णता मिळे. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणी-मित्र' हे एक हजार पाकक्रियांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले ते ह्याच पाठारे प्रभू परंपरेतले. निखारे गेले आणि स्टो आला तशी झाकणावरच्या विस्तवाची ही सोय संपली.

मग भाजण्यासाठी घर बेकरीकडे वळले. दिवाळीपूर्वी नानकटाईचे पत्रे घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जात आणि भट्टीचा पाव निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत त्या भाजून आणत. नाताळात ख्रिस्ती घरांचे केक तिथेच होत. ही चाल सणापुरती राहिली. रोजच्या तोंडीलावण्यासाठी कुणी बटाटे घेऊन बेकरीत जात नसे.

उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली होती, पण विजेवर भाजणे घरात यायला १९६० आणि १९७० ची दशके उजाडली. झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन हे त्या काळातल्या फ्लॅटचे लक्षण ठरले. तो मुख्यतः केक आणि नानकटाईसाठी घेतला जाई. तो घरात आहेच म्हटल्यावर 'बेक' नावाचा तिखट पदार्थ त्यात शिरला.

ह्या बेकला लागणारे दूधलोणीही त्याच काळात मुबलक झाले. गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली आणि बाटलीतले दूध दारात येऊ लागले. आणंदचे लोणी आणि चीज वाण्याकडे मिळू लागले. लोण्यावर मैदा परतून दूध घालून केलेला व्हाइट सॉस, त्यात उकडलेला फ्लॉवर, गाजर, मटार, भोवती कुस्करलेल्या बटाट्याची कड, वर किसलेले चीज आणि पावाचा चुरा. काचेच्या भांड्यात हे सगळे वरून तांबूस होईपर्यंत भाजायचे. कुस्करलेला बटाटा येथे कडेची भिंत होऊन सॉस धरून ठेवतो आणि त्यावर काट्याने रेघा ओढल्या की उंचवटे आधी खरपूस होतात. घरच्या वाढदिवसाला किंवा भिशीला हा पदार्थ मानाचा ठरला.

अशा पदार्थांना घरात आणण्यात पाककृतींच्या पुस्तकांचा आणि वर्गांचा वाटा मोठा. तरला दलाल ह्यांनी १९६६ मध्ये मुंबईतल्या घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले आणि १९७४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. अंडे-मांस न घालता परदेशी पदार्थ करायला त्यांनी शिकवले आणि गुजराती-मारवाडी घरांत बेक रुळला. कमलाबाई ओगले ह्यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले. वाटी आणि चमचा ही घरची मापे देऊन त्यांनी नवशिक्या सुनेलाही पदार्थ जमेल असे केले. १९९३ पासून संजीव कपूर ह्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हीच शिकवण बैठकीच्या खोलीत आणली.

सालासकट अख्खा भाजलेला बटाटा मात्र सर्वांत शेवटी आला. त्याला दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये जवळपास तासभर लागतो. सालीला काट्याने टोचे मारावे लागतात, नाहीतर आतल्या वाफेने तो फुटतो. तासभर वीज जाळून एक तोंडीलावणे करणे बहुतेक घरांना पटले नाही. १९९० नंतर आलेल्या मायक्रोवेव्हने ते काही मिनिटांवर आणले. मायक्रोवेव्ह मात्र बटाट्यातल्या पाण्यालाच तापवतो, त्यामुळे गाभा शिजतो आणि साल मऊ राहते. खरपूसपणासाठी त्याला पुन्हा ओव्हन किंवा तवा दाखवावा लागतो.

बटाट्याची निवड

कुस्करणे आणि भाजणे दोन्हींचे यश बटाट्यावर ठरते. जुना, कोरडा, पिष्ट जास्त असलेला बटाटा उकडल्यावर फुलतो. भरीत, पॅटीस, चॉप ह्यांना तोच हवा. नवा, पातळ सालीचा बटाटा उकडल्यावर घट्ट आणि ओलसर राहतो, तो भाजीच्या फोडींना आणि मडक्यात अख्खा भाजायला बरा. नव्या बटाट्याचे पॅटीस तव्यावर सुटते ते ह्यामुळेच, आणि तेव्हा कॉर्नफ्लोअर किंवा ब्रेडचा आधार द्यावा लागतो.

शीतगृहाचाही परिणाम होतो. दोन ते चार अंशांना साठवलेल्या बटाट्यातील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो. असा बटाटा भरतात गोडसर लागतो आणि भाजताना किंवा तळताना आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट होतो. म्हणून बटाटे फ्रिजमध्ये न ठेवता अंधाऱ्या, हवेशीर टोपलीत ठेवतात. उजेडात साल हिरवी पडली तर तेथे सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते. तो भाग आणि कोंब खोलवर काढून टाकावे लागतात, आणि हिरवेपणा जास्त असेल तर बटाटा टाकूनच द्यावा लागतो.

आज उपनगरी घरात पाइपचा गॅस, कुकर, मायक्रोवेव्ह आणि अनेक ठिकाणी छोटा ओव्हन एकाच ओट्यावर असतो. उकडणे आणि भाजणे ह्यांतली निवड पूर्वी जळण करत असे, आता ती घरातला माणूस करतो. तरी रोजच्या पानात डावीकडे येते ते बहुतेक वेळा दह्यातले भरीतच. ओव्हनमधला बेक पाहुण्यांसाठी राहिला आहे आणि मडक्यातला बटाटा थंडीसाठी.